चराई रुपये एक फक्त

राजापेठ, अमरावती
१२ मे २०२४

चि. सत्यभामा हिस,
अनेक आशीर्वाद.

विषय: बरडावरील चराईचा दर ठरविण्याबाबत.

फोनवर बोललो की तू आवाज चढवतेस. मग रागिणी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहते आणि खालच्या ट्यूशन क्लासची पोरं जिन्यातून वर बघतात. म्हणून हे पत्र. तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. तिथं एकच गोष्ट शिकलो, की जे लेखी नाही ते झालंच नाही. तूही लेखीच उत्तर दे.

मुद्दा असा. वाघोडीचं सात एकर बरड बाबांच्या मागे माझ्या नावावर आहे. त्यावर तुझी गुरं पंधरा वर्षं चरत आहेत. मी कधी पैसा मागितला नाही, तू कधी दिला नाहीस. पण कोणतीही जमीन फुकट वापरली जाऊ नये, अशा मताला मी आलो आहे. खालच्या क्लासवाल्याचं भाडं मी दर वर्षी दहा टक्के वाढवतो, तो हूं की चूं करत नाही. खोली काय नि जमीन काय, तत्त्व एकच.

दर मी मनानं काढलेला नाही. गाय एक, म्हैस दीड आणि वासरू अर्धं, अशी जनावरांची मोजणी धरतात. तुझ्या सहा गाई, एक म्हैस, दोन वासरं म्हणजे साडेआठ जनावरं होतात. दर जनावरामागे महिना तीनशे रुपये, बारा महिने. तिवशाचे डेअरीवाले पंजाबराव याहून जास्त द्यायला बसले आहेत. तरी तू बहीण, म्हणून आधी तुला विचारतो.

विचार करून कळव.

तुझा भाऊ,
केशव


वाघोडी, ता. तिवसा
२० मे २०२४

ति. भाऊस,
सत्यभामाचा नमस्कार.

तुझं पत्र रजिस्टरनं आलं. पोस्टमननं सही मागितली. वाटलं वहिनीला काही झालं. उघडलं तर चराई! एवढ्यासाठी पोस्टाला किती पैसे दिलेस, तेही जनावरांवर वाटून टाकायचे होतेस.

मी सातवी शिकलेली, तुझ्यासारखं लिहिता येत नाही. पण वासरू तू अर्धं धरलंस ते मला कळलं नाही. कोणतं अर्धं? तोंडाकडचं धरलं असशील तर ते पूर्णच खातं. शेपटीकडचं धरलं असशील तर ते तुझ्या बरडाला शेण देतं, त्याचे पैसे तू मला पाठव.

आणि बारा महिने कसले रे? तू या गावात जन्मलास ना? आषाढापासून दिवाळीपर्यंत पवना गवत उभं असतं, तेवढीच खरी चराई. पुढं कुसळ राहतं, ते जनावराच्या तोंडात टोचतं. आता वैशाखात मी गुरं बरडावर नेते ती पाय मोकळे करायला. दगड चरत नाहीत ती. न्यायाचा दर काढायचा तर चार महिन्यांचा काढ.

शिवाय तिथली घाणेरी दर पावसाळ्याआधी कोण उपटतं? होळीच्या आधी रस्त्याकडेचं गवत कापून पट्टा कोण मोकळा करतं? नाही केलं तर एका विडीनं सात एकर जळून जाईल. हे काम मी पंधरा वर्षं केलं आणि त्याचा दर तुला कधी विचारला नाही.

म्हैस मी मूर्तिजापूरच्या बाजारातून विकत आणलेली आहे. तिची चराई तू माग, मी देईन. महिना दोनशे, चार महिने. गाईंचं मात्र देणार नाही. त्या आंदणाच्या आहेत. माझ्या लग्नात बाबांनी मैना दिली तेव्हा मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "या गाईची ओलाद माह्या बरडावर चरन. तिले कोनी चराई मांगू नोका." तू अक्षता हातात घेऊन बाजूलाच उभा होतास.

वहिनीच्या गुडघ्याचं कसं आहे ते लिही.

तुझी,
सत्यभामा


राजापेठ, अमरावती
२ जून २०२४

चि. सत्यभामा,

पत्र मिळालं. चार महिन्यांचा मुद्दा मला पटला. आठ महिने धरू आणि दर दोनशे करू. याहून भाऊ काय करणार?

आंदणाविषयी. बाबा बोलले हे मी नाकारत नाही. मांडवात माणूस पुष्कळ बोलतो. आंदण एका गाईचं होतं आणि ती गाय जाऊन पंचवीस वर्षं झाली. ओलाद म्हणजे कितव्या पिढीपर्यंत, हे बाबांनी सांगितलेलं नाही. सात-बाऱ्यावर आंदणाचा रकाना नसतो. याउलट २००९ मध्ये तू हक्कसोडपत्रावर सही केलीस, त्यात ‘या जमिनीत माझा कसलाही हक्क व हितसंबंध राहिलेला नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ते पत्र मीच टाईप करून घेतलं होतं, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो.

पंजाबराव परवा पुन्हा येऊन गेले. त्यांना फार दिवस थांबवता येणार नाही.

रागिणीच्या गुडघ्याला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे. बघू.

केशव


वाघोडी
११ जून २०२४

भाऊ,

हक्कसोडीचे शब्द तुला आठवतात, तर त्या दिवशीचे तुझे शब्दही आठवत असतील. मी कचेरीच्या व्हरांड्यात बसले होते. पेन गळून अंगठ्याजवळ शाई लागली म्हणून पदराला पुसत होते. मी म्हटलं, भाऊ, मला पोर ना बाळ, नवरा गेल्यावर दिरांनी दोन गाई हाती देऊन मला घराबाहेर काढलं, माझं या गाईंशिवाय कोणी नाही. बरड गेलं तर मी कुठं जाऊ? तू काय म्हणालास? "सही कर वं भामे, तुही ढोरं कोनी हाकलून राह्यलं काय?" त्या बोलण्यावर मी सही केली. तू मला एक लुगडं घेतलंस आणि त्याच दुकानात वहिनीला दोन.

त्या दिवसाचा राग मी आजवर काढला नव्हता. आता काढते. माझ्या बापाच्या जमिनीवर माझ्या बापानं दिलेल्या गाई चारायला मी भावाला भाडं देऊ? गावातल्या बाया मला हसतील आणि तुला शिव्या देतील, त्यातलं जास्त वाईट काय ते मला ठरवता येत नाही.

मैनाच्या पोटी गंगी, गंगीच्या पोटी सुंदरी आणि तांबू, सुंदरीच्या चार. ही माझी वंशावळ. कोतवाल भगवंतला विचार, मांडवात तोही होता. सगळं गाव सांगेल बाबा काय बोलले. आणि हेही सांगेल की पंधरा वर्षांत बरडावर माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं पाऊल पडलेलं नाही, तुझंसुद्धा नाही.

पंजाबरावांना खुशाल पाठव. मी बरडाच्या धुऱ्यावर दगड घेऊन बसते.

म्हशीचे आठशे पाठवते म्हटलं ते पाठवीनच. माझा शब्द आहे.

सत्यभामा


राजापेठ, अमरावती
२८ जून २०२४

प्रिय भामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा एकट्यानं आणि एकदा एका माहितगार मित्राला दाखवून. मग रात्रभर विचार केला. बाबांची आठवण आली. रागिणीही म्हणाली, वन्संशी कसला व्यवहार करता!

तर माझा निर्णय असा. पंजाबरावांना नाही म्हणून कळवलं आहे. साडेआठ जनावरांचा हिशेब मी फाडून टाकला. म्हशीचे आठशेही नकोत. तुला वार्षिक चराई रुपये एक फक्त. तो एक रुपयाही केवळ कागद पुरा व्हावा म्हणून. आता तरी राग सोड.

सोबत पावतीचा नमुना तीन प्रतींत पाठवला आहे. खुणा केल्या आहेत तिथं सही कर, साक्षीदार म्हणून भगवंतची घे. त्याची सही घेतलीस तर बरं होईल, गावात त्याला मान आहे. दोन प्रती मला परत पाठव, एक तुझ्याजवळ ठेव. शक्यतो आठवड्यात.

तुझा,
भाऊ


वाघोडी
५ जुलै २०२४

माझ्या भाऊ,

किती दिवसांनी तू पत्रात भामा लिहिलंस! मी ते पत्र घेऊन गोठ्यात गेले आणि सुंदरीच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं वाचलं. हसू नकोस. तुझ्याशी इतकं वाईट बोलले, दगड घेऊन बसते म्हणाले, त्याची लाज वाटली. बाबा असते तर तुझी पाठ थोपटली असती.

एक रुपया सोबत आहे. कुठला ते सांगू? गेल्या भाऊबीजेला तू पाचशे एकचं पाकीट दिलंस ना, त्यावर चिकटवलेला. पाचशे खर्चले, पण पाकीट देवाजवळ ठेवलं होतं. त्यावरचा रुपया सोडवला. तुझाच रुपया तुला. डिंक नीट निघाला नाही, पाण्यात ठेव म्हणजे निघेल.

सह्या केल्या. भगवंतनंही केली. एकच विचारते, कागदात ‘सन २००९ पासून मालकाच्या परवानगीने गुरे चारीत आहे’ असं आहे. परवानगीने कशाला लिहिलंस? बाबांनी दिलं होतं, तर ‘आंदणाने’ लिहायचं होतंस. आणि खाली ‘मालक म्हणेल तेव्हा विनातक्रार गुरे काढून घेईन’ असंही आहे. तू काही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे, पण वाचताना टोचलं.

भगवंत म्हणाला, "बाई, एक रुपयाच्या कागदावर काय भांडता, करा सही." म्हणून केली.

पाऊस चांगला आहे. बरड हिरवं होऊ लागलंय. तू पोळ्याला ये, पवना कमरेला लागलेला असेल.

तुझी,
भामा


राजापेठ, अमरावती
१२ जुलै २०२४

चि. सत्यभामा,

दोन प्रती व रुपया एक पोचला.

तू विचारलेले शब्द ठराविक असतात. सगळ्या पावत्यांचा नमुना तोच. मनाला लावून घेऊ नये.

पोळ्याला जमेलसं वाटत नाही.

केशव


वाघोडी
१४ सप्टेंबर २०२४

भाऊ,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. पोळा झाला त्याच आठवड्यात बरडावर मोजणीवाले आले. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, नकाशा बघतोय. काल मशीन आलं. कोपऱ्यातला पवना मुळासकट ओढून त्याचा ढीग घातला आणि चारी बाजूंनी सिमेंटचे खांब रोवणं सुरू केलं. या वर्षी खरोखर कमरेला लागला होता रे.

मी मशीनसमोर उभी राहिले. तिथल्या सुपरवायजरनं मला शांतपणे एक कागद दाखवला. माझी सही, भगवंतची सही. म्हणाला, "मावशी, तुमच्याच सहीचा कागद हाय ना आमच्यापाशी. तुमी तर भाड्यानं होत्या."

तो कागद त्याच्याकडे कसा गेला? हा माणूस कोण आहे? तू चोरांना जमीन दिली नाहीस ना? काही घोटाळा झाला असेल तर लगेच ये, अजून तारा लावलेल्या नाहीत.

सत्यभामा


वाघोडी
६ ऑक्टोबर २०२४

केशवभाऊ,

उत्तर नाही.

सोमवारी गुरं सवयीनं बरडाकडे गेली. पंधरा वर्षांचा रस्ता, त्यांना काय कळतं तारा कुठं लागल्या? एका बाजूला तार बाकी होती तिथून आत शिरली. चौकीदारानं हाकून थेट ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात नेली. भगवंत माझ्यासमोर मान वर करीना. "बाई, मी काय करू, लोकाच्या जाग्यात ढोर सापडलं तं कोंडाच लागते," म्हणाला. त्याच भगवंतची सही साक्षीदार म्हणून तू मागितली होतीस, हे मला तिथं आठवलं.

सगळी सोडवायला दोन दिवस लागले. दोन्ही वासरं आईपासून वेगळी कोंडली होती, आत हंबरत होती. दंडाची पावती सोबत पाठवते, नीट बघ. तिथं वासरू अर्धं धरत नाहीत भाऊ. पूर्ण धरतात.

काल तिवशाला दूध घालायला गेले तेव्हा पंजाबराव भेटले. त्यांना म्हशी विकून दोन वर्षं झाली. तुझ्याकडे ते कधीच आले नव्हते.

आता तू सगळं सांग. लेखी.

सत्यभामा


राजापेठ, अमरावती
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सत्यभामा,

तुझ्यापासून लपवायचं नव्हतं. तू समजून घेणार नाहीस म्हणून थांबलो होतो.

बरड नागपूर रस्त्याला लागून आहे. वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याला पॅकिंगसाठी गोदाम बांधायचं आहे. इसार मार्चमध्येच घेतला होता. त्याच्या वकिलाचं म्हणणं पडलं की जमिनीवर कोणाची गुरं इतकी वर्षं चरत असतील तर आधी ती परवानगीने चरतात, हक्काने नाही, असं त्या माणसाकडून लेखी हवं. मी तुझ्याशी सरळ व्यवहार करू पाहिला. चराई ठरली असती, तू भरली असतीस, पावती झाली असती. तू आंदण काढलंस, गाव साक्षीला काढलंस. मग दुसरा मार्ग उरला नाही.

रागिणीचं ऑपरेशन, घरावरचा मजला, सगळं त्यातूनच होणार आहे. तुला गावात काय कळतं, इथं काय काय लागतं?

तू मला वाईट समजू नकोस. मी तुझ्याकडून एक रुपयाच घेतला हे विसरू नकोस. दुसरा कोणी असता तर पंधरा वर्षांची चराई वसूल केली असती. कोंडवाड्याचा दंड आणि गुरांच्या कुटारासाठी म्हणून पाच हजारांचा चेक सोबत जोडला आहे. याहून न्यायाचं काय करायला हवं होतं ते तूच सांग.

भाऊबीजेला मी येणारच आहे.

केशव


वाघोडी
२८ ऑक्टोबर २०२४, वसुबारस

भाऊ,

चेक परत पाठवते आहे. त्याच्या मागे मी काही लिहिलेलं नाही, वटेल.

आज गाय-वासराची पूजा. दर वर्षी मी सहा गाई ओवाळते. आज सुंदरी आणि तिचं एक वासरू होतं. बाकीच्या गेल्या गुरुवारी बाजारात दिल्या, म्हैससुद्धा. घेणारा बडनेऱ्याकडचा होता, बरा वाटला. दावं त्याच्या हातात देताना तो म्हणाला, "ओलाद चांगली हाय बाई, कोठची?" मी म्हटलं, आंदणाची. त्याला ते कळलं नसेल. तांबू टेम्पोत चढेना. मग मीच पुढं चढून तिला हाक मारली तेव्हा ती माझ्या मागून आली, आणि मी खाली उतरले. हे मला तुला सांगायचं नव्हतं. पण कोणाला सांगू?

सुंदरी दावणीला बांधलेली असते. विकतचं कुटार हुंगते आणि बरडाच्या दिशेनं तोंड करून उभी राहते. तिथं आता पत्र्याचं मोठं फाटक आहे. माझा गुडघाही दुखतो, पण त्यासाठी विकायला माझ्याकडे भाऊ नाही.

न्यायाचं काय करायला हवं होतं, असं विचारलंस. सांगते. तीनशेच घ्यायला हवे होते. तू तीनशे मागितलेस तेव्हा मी भांडले, वासराचं अर्धं मोजलं, महिने मोजले, तुझा शब्द न् शब्द तपासला. दोनशेलाही तपासला. तू एक रुपया केलास आणि मी आंधळी झाले. ‘परवानगीने’ हा शब्द मला दिसला होता. टोचलाही होता. तरी सही केली, कारण सोबतच्या पत्रात तू भामा लिहिलं होतंस. तुझ्या कचेरीत तू पुष्कळांना फसताना पाहिलं असशील, पण बहिणीला कुठल्या दरानं फसवता येतं ते तुला बरोबर माहीत होतं.

बाबांच्या जमिनीसाठी मी रडत नाही. वहिनीचं ऑपरेशन व्हावं, तिचा काही दोष नाही. तू मला येऊन म्हणाला असतास की भामे, मला बरड विकायचं आहे, तर मी दहा दिवस तुला शिव्या दिल्या असत्या आणि अकराव्या दिवशी गुरं काढून घेतली असती. तुझ्यावर कोर्टात गेले नसते. एवढं तू मला ओळखायला हवं होतंस.

तुझी सगळी पत्रं ट्रंकेत ठेवली आहेत. वकिलाला दाखवायला नाहीत, घाबरू नकोस.

भाऊबीजेला ये. बहीण ओवाळत नाही असं गावानं म्हणायला नको. पाट मांडून ठेवीन, अनारसे करीन. ओवाळणीत नोट टाकू नकोस, एक रुपया टाक. मी त्याची पावती देईन, तीन प्रतींत. नमुना ठराविकच आहे, तुझ्याच पावतीवरून उतरवून घेतला आहे:

‘सन १९६३ पासून मालकाच्या परवानगीने बहीण आहे. मालक म्हणेल तेव्हा विनातक्रार निघून जाईन.’

खुणा केल्या आहेत तिथं सही कर.

सत्यभामा